नवीन पुस्तके नाहीत

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. आठवतं ते पनवेलच्या बाजारातलं दुकान आणि मला उलटसुलट चाचपून पाहणाऱ्या आशालताबाई. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंना पुस्तकांवाचून करमत नव्हतं. म्हणून त्यांच्या मुलीने, अनुयाने, मला विकत घेतलं आणि दृष्टिहीनांसाठीचं एक ऑनलाइन ग्रंथालय माझ्यात बसवून दिलं. बाईंनी पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे लिहिलेलं असेल ते मी बोलून दाखवायचो.

सुरुवातीला माझी फार त्रेधा उडायची. मराठी नावं मी इंग्रजी थाटात उच्चारायचो, तेव्हा बाई हसत म्हणायच्या, "अरे, जरा जीभ वळव!" मला जीभ कुठली? पण त्यांचं हसणं मला आवडायचं.

दर रविवारी बाई ग्रंथालयातला 'नवीन पुस्तके' हा विभाग उघडत. मी नावं सांगायचो, त्या निवडायच्या, मी पुस्तक उतरवून घ्यायचो. मग त्या शशिकलाला फोन लावत. शशिकला उरणजवळच्या मोरा गावची, जन्मापासून आंधळी. दोघींची ओळख एका शिबिरात झाली आणि पुस्तकांनी ती घट्ट केली. एकच पुस्तक दोघी ऐकायच्या आणि तासन्‌तास त्यावर भांडायच्या. त्या गप्पांनी मी गरम होऊन जायचो.

मग एका रविवारी मी म्हणालो, "नवीन पुस्तके नाहीत." पुढच्या रविवारीही तेच. मला जे दिसत होतं तेच मी सांगत होतो. तिकडे शशिकला मात्र मिठागरावर वाढलेल्या एका बाईच्या नव्या पुस्तकाबद्दल भरभरून बोलत होती. आशालताबाईंनी ते नाव मला पुन्हा पुन्हा शोधायला लावलं.

"काही सापडले नाही," मी दर वेळी म्हणालो.

खरं कोण बोलतंय? शशिकला की मी? मलाच कळेना. शेवटी बाईंचा धीर सुटला.

"शशिकला, उगाच थापा मारू नकोस. मला दिसत नाही म्हणून फसवतेस होय?"

मग शशिकला हळूच म्हणाली, "आशाताई, दिसत तर मला पन नाय."

फोन बंद झाला. त्यानंतर कितीतरी दिवस मोऱ्याहून फोन आला नाही. बाई माझ्याकडे हात नेत आणि मागे घेत. मी भरपूर चार्ज होऊन गप्प पडून असे.

एका दुपारी दाराची बेल वाजली. पांढरी काठी टेकत शशिकला उभी होती. उरणहून एसटीने येऊन स्टँडवरून रिक्षा करून ती आली होती. "भांडाय नाय आले," ती म्हणाली. "तुजा फोन आन."

तिने आपला फोन माझ्याशेजारी ठेवला. दोघींनी तोच विभाग उघडला. तिचा फोन थांबेचना, एकामागून एक नावं. मी म्हणालो, "नवीन पुस्तके नाहीत." आवाज ऐकून अनुया स्वयंपाकघरातून धावत आली. तिने माझा पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आई, इथे वर सूचना आहे! जुन्या फोनवर नवी यादी येणार नाही म्हणून. पण ती चित्रात लिहिली आहे. चित्रातली अक्षरं हा कशी वाचणार?"

आंधळ्यांच्या ग्रंथालयाने चित्रातून निरोप का धाडावा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

आशालताबाईंनी चाचपडत मैत्रिणीचा हात शोधला. "मी तुला खोटी ठरवलं गं."

"फोनला इचारलंस," शशिकला म्हणाली, "मला इचारायचं व्हतं ना! चल, च्या टाक."

नवा फोन आला आणि मी खणात गेलो. माझं आयुष्य संपलं असंच मी धरून चाललो होतो. पण पुढच्या खेपेला शशिकलाने मला मागून घेतलं. तिच्या शेजारच्या जनीची नजर नुकतीच गेली होती. ग्रंथालयाची सभासद झाली होती ती, पण ऐकायला फोन नव्हता.

आता मी मोऱ्याला असतो. माझ्या पोटात उतरवलेली जुनी पुस्तकं जनीने कधीच ऐकलेली नाहीत. जाळी विणता विणता ती मध्येच हात थांबवते आणि मला दटावते, "थांब रं, मगाचं परत सांग!"

मित्रांनो, आम्ही यंत्रं आम्हाला जेवढं दिसतं तेवढंच सांगतो. आमच्या शब्दावरून आपल्या माणसाला खोटं ठरवू नका. आणि आम्हाला भंगारात टाकण्याआधी एकदा शेजारच्या दारात विचारून या. जनी वाट पाहतेय, मला मागे जाऊन ते पान पुन्हा सुरू करायचं आहे.