रिकाम्या झोळीतला अर्धा किलो

अंगणवाडीच्या मागच्या खोलीत, खाऊच्या रिकाम्या पोत्यांवर जी गोल तबकडी उपडी पडलेली दिसते, तो मी. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या पाठीवर खडूनं 'खराब' असं लिहिलेलं आहे. मी खराब नाही. हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि ज्यांना तोंड होतं ते गप्प बसले. म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगतो.

मला दोन पारडी नाहीत. पोटात पोलादाची एक स्प्रिंग, समोर काच, काचेमागे एक लाल काटा, वर टांगायची कडी आणि खाली एक आकडा. त्या आकड्याला कापडाची झोळी अडकवतात. झोळीला पाय घालायला दोन भोकं असतात. मूल झोळीत बसलं की स्प्रिंग ताणली जाते आणि काटा फिरतो. दुप्पट वजन, दुप्पट ताण. एवढाच माझा धर्म, आणि तो मी कधी मोडला नाही. काट्याजवळ एक छोटा स्क्रूही आहे. झोळीचं स्वतःचं वजन मुलाच्या नावावर चढू नये म्हणून, झोळी रिकामी असताना तो फिरवून काटा शून्यावर आणायचा असतो. कारखान्यातल्या कारागिरानं माझ्यावर वजनं टांगली, काढली, आणि काटा शून्यावर परत येतो हे बघूनच मला खोक्यात घातलं.

तिथून मी शहरातल्या एका सरकारी गोदामात आलो. तेव्हा शहराच्या पाटीवर औरंगाबाद असं नाव होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. गोदामात माझ्या शेजारी शहागंजच्या बाजारातला एक म्हातारा तराजू पडला होता, कधीतरी जप्त करून आणलेला. निजामाच्या काळात इथं शेर आणि पायलीनं धान्य मोजत, १९४८ साली मराठवाडा भारतात सामील झाला आणि पुढं काही वर्षांनी किलोग्रॅम आला, हे मला त्यानंच सांगितलं. तो म्हणाला, "दुकानदाराच्या तराजूवर सरकार ठरावीक मुदतीनं शिक्का मारतं. खोटा निघाला तर दंड होतो. तुझ्यावर कोण शिक्का मारणार?" मला वाटलं, मी तर मुलं तोलणार. माझ्याकडे दहा निरीक्षक येतील. मित्रांनो, माझ्या आयुष्यात एकही आला नाही.

जनतेचं पोषण सुधारणं हे शासनाचं एक प्रमुख कर्तव्य आहे, असं आपल्या राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमात लिहिलं आहे. १९७५ च्या गांधीजयंतीला देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या. लहान मुलांना खाऊ द्यायचा, लस टोचायची आणि दर महिन्याला वजन करायचं. वजन करायचं म्हणजे मला टांगायचं. ही सगळी माहिती मला पाठ होती. एसटीच्या टपावर बसून कन्नडला येताना मी नवरदेवासारखा ऐटीत होतो.

कन्नड तालुक्यातल्या एका लहानशा गावात तनुजाताई नावाच्या सेविकेनं मला अंगणवाडीच्या आढ्याला टांगलं. ती तेव्हा नवीन होती आणि तिला माझा फार अभिमान होता. रोज फडक्यानं काच पुसायची. बायकांना मात्र माझी भीती वाटे.

"आवं ताई, लेकरू काय कापूस हाय व्हय काट्याला लावायला?" द्वारकाबाई नातवाला पदराखाली दडवून म्हणायच्या. "नजर लागती."

"मंग काजळाचे दोन टिक्के जास्तीचे लावा आन् आणा इकडं," तनुजाताई म्हणायची.

शेवटी नातू झोळीत बसायचा, पण झबलं, टोपरं, चांदीचे वाळे, करदोडा असा सगळा साज घालून. द्वारकाबाई काहीच उतरवू द्यायच्या नाहीत.

"आजी, तुमच्या नातवात निम्मा सोनारच भरलाय," तनुजाताई म्हणायची आणि अंगणवाडी हसायची.

बुद्धविहाराच्या मागं मालनबाईंचं घर होतं. त्यांची सून सुलेखा कापूस वेचायला जाई, म्हणून नात यशोधरा हिला मालनबाईच घेऊन यायच्या. यशोधरा म्हणजे यशू. मालनबाई दारातच तिचा फ्रॉक काढायच्या, हातातली बांगडीसुद्धा उतरवायच्या.

"आम्ही नजरबिजर मानत नाय," त्या म्हणायच्या. "काटा काय म्हनतो तेवढं नीट सांगा."

मित्रांनो, मला मान देणारी माणसं पुष्कळ भेटली. माझ्यावर विश्वास टाकणारी मात्र एवढीच. यशू झोळीत बसली की रडायची नाही. पाय हलवायची आणि माझ्या लाल काट्याकडे बोट करायची.

त्या वर्षी खाऊची पाकिटं दोन महिने आलीच नाहीत. मुलांची वजनं उतरली. वयाप्रमाणे वजन मांडायच्या तनुजाताईच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातली मुलं पिवळ्यात गेली आणि पिवळ्यातली काही लाल रेषेच्या खाली. लाल रेषेखालच्या मुलाला दिवसातून अनेकदा खास आहार द्यायचा, डॉक्टरांना दाखवायचं, दवाखान्यात न्यायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे. पण नेमक्या त्याच वेळी सुपरवायझर मॅडम जीपमधून आल्या.

"तनुजा, माझ्या सगळ्या गावांत तुझं एकच गाव लालमध्ये अडकलंय. पुढल्या महिन्यात कमिटी येणार. बक्षीस मिळालं तर वेशीवर पाटी लागेल, कुपोषणमुक्त गाव म्हणून."

"मॅडम, पाकिटंच आली नाहीत. पोरं भरायची कशानं?"

"ते मला नको सांगू. वजन तू करतेस का मी?"

एवढं बोलून त्या गेल्या. त्यांनी मला हातही लावला नाही. अशी माणसं हात कधीच लावत नाहीत.

संध्याकाळी तनुजाताईचा नवरा सोमनाथ तिला न्यायला आला. तो एका कापूस व्यापाऱ्याकडे काट्यावर बसायचा. बायकोचा उतरलेला चेहरा बघून त्यानं सगळं विचारून घेतलं आणि हसला.

"एवढंच व्हय? ह्याला स्क्रू असंल की. आमच्याकडं मागं फिरवत्यात, शेतकऱ्याचा माल कमी भरावा म्हणून. तू पुढं फिरव."

"आवं, लेकरं हायत ती!"

"मंग? माल कमी दाखवला तर शेतकरी बोंबलतो. लेकरू जास्त भरलं तर कोण बोंबलणार? आय बी खूश, मॅडम बी खूश."

त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं, त्याची कड स्क्रूच्या खाचेत घातली आणि फिरवली. तनुजाताई दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"लई नका फिरवू," ती म्हणाली. "कमिटी गेली की परत करू."

काटा अर्ध्या किलोवर थांबला. दोघं गेली आणि मी आढ्याला लटकत राहिलो. झोळी रिकामी होती, वाऱ्यानं हलत होती, आणि तिच्यात अर्धा किलो वजन होतं. कुठलंही पोर नसलेलं वजन.

दुसऱ्या आठवड्यात वजनाचा दिवस आला. सगळ्या मुलांची वजनं वाढली. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मग मालनबाई आल्या. या वेळी सुलेखाही बरोबर होती. यशूच्या अंगात आठवडाभर कणकण होती, ती जेवत नव्हती, म्हणून सुलेखानं कामावर सांगून ठेवलं होतं की उद्या पोरीला घेऊन शहरात घाटीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जाते.

यशू झोळीत बसली. तिनं बोट केलं नाही. मान एका बाजूला टाकून बसली.

माझी स्प्रिंग सात किलो आठशे ग्रॅमइतकीच ताणली गेली. ते मला पोटात कळत होतं. दोन वर्षांच्या मुलीसाठी लाल रेषा आठ किलो शंभरला असते. ती त्या रेषेच्या खाली होती. आणि माझा काटा आठ किलो तीनशेवर उभा होता.

"वाढलंय की आजी! पिवळ्यात हाय," तनुजाताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मालनबाईंनी यशूला काढून घेतलं. दोन्ही हातांवर जरा वर-खाली केलं. "मला तर हातात हलकी लागती हो. मागल्या महिन्यापरीस हलकी."

तनुजाताईनं तक्त्यावर आकडा चढवायला पेन उचललं. आता बोलेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मालनबाईंनीच काचेकडे बघितलं आणि मान हलवली. "काटा म्हनतो म्हंजी वाढलंच आसंल. माझे हात म्हातारे झाले. सुलेखा, नको खाडा करू. चार दिवस बघू."

आणि सुलेखा दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेली.

यशू पुन्हा माझ्या झोळीत आली नाही. जुलाब लागले, तापानं उचल खाल्ली. तिला जीपनं कन्नडला नेलं आणि तिथून घाटीत. तिथल्या डॉक्टरांनी वजन केलं आणि विचारलं, इतकी खाली गेलेली पोर इतके दिवस घरी का ठेवली? मालनबाई म्हणाल्या, आठ किलोच्या वर हाय म्हनले व्हते. डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. पण अंगात लढायला काही उरलेलं नसलं की औषध कुणासाठी लढणार? यशू गेली.

पुढच्या वजनाच्या दिवशी कमिटी आली होती. मॅडम नवी साडी नेसून उभ्या होत्या. द्वारकाबाईंचा नातू साजासकट झोळीतून नुकताच उतरला होता. तेवढ्यात मालनबाई आत आल्या. कडेवर कुणी नव्हतं. हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी मिठाचा पुडा काढला आणि तनुजाताईपुढे धरला.

"ह्याच्यावर किती लिव्हलंय? वाचा."

"एक किलो," तनुजाताई पुटपुटली.

"घाला झोळीत."

"आजी, आज पाहुणे आलेत…"

"म्हनूनच आले. घाला."

मीठ झोळीत पडलं. मी एक किलोइतका ताणला गेलो आणि काटा दीड किलोवर गेला. मालनबाईंनी पुडा उचलून घेतला. झोळी मोकळी झाली आणि काटा अर्ध्यावर येऊन थांबला. कुणाला गणित समजवावं लागलं नाही.

"म्हंजी आमचा बी…" द्वारकाबाईंनी नातवाला छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच त्याचे वाळे उतरवायला लागल्या.

मालनबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "हे खरं बोलत व्हते," त्या म्हणाल्या. "म्या ह्यांनाच खोटं पाडलं."

मॅडम लगेच पुढं आल्या. "काटा जुना झालाय. स्प्रिंग ढिली पडली असेल. तनुजा, हा बाद कर आणि नवा मागवून घे."

तनुजाताईनं माझ्याकडे बघितलं. मग स्क्रूकडे. मग खाली. "व्हय मॅडम," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातला खडू तिनं स्वतःच्याच हातानं उचलला.

मित्रांनो, तुम्ही विज्ञान शिकता म्हणून सांगतो. स्प्रिंग ढिली पडली असती तर चूक वजनाबरोबर वाढत गेली असती. लहान वजनाला लहान चूक, मोठ्या वजनाला मोठी. माझी चूक रिकामा असताना अर्धा किलो होती आणि मिठालाही अर्धाच किलो. अशी चूक स्प्रिंग करत नाही, अशी चूक माणूस करतो. कमिटीतली माणसं शिकलेली होती. त्यांनी चहा घेतला.

यशू तापानं गेली असं ठरलं. ताप काही कुपोषणात मोजत नाहीत. वेशीवर पाटी लागली. तिचा रंग आता उडत चालला आहे, पण अक्षरं अजून वाचता येतात. मॅडमना बढती मिळाली. शिक्षा एकट्या मला झाली. या साऱ्या प्रकरणात ज्याला स्वतःचा हात नव्हता, तोच दोषी निघाला.

आता अंगणवाडीत विजेरीवर चालणारा नवा काटा आहे. त्याला स्क्रू नाही, बटण आहे. मालनबाई परत कधी आल्या नाहीत. सुलेखा येते. तिला आता मुलगा आहे. ती एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात मिठाचा पुडा घेऊन येते. पहिल्यांदा बायका हसल्या होत्या.

"अगं, हा कॉम्प्युटरचा हाय, हा चुकत नाय," तनुजाताई म्हणाली.

"आधी मीठ," सुलेखा म्हणाली.

भिंतीपलीकडून मी ते दर महिन्याला ऐकतो. आता दुसऱ्या बायकाही तिच्याकडून पुडा मागून घेतात. तनुजाताई मान वर करत नाही.

माझं काय, आज ना उद्या मी भंगारात जाईन. मला पुसा, तेल घाला असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गावच्या अंगणवाडीत कधी गेलात तर मूल झोळीत बसण्याआधी जरा थांबा. काही नसताना काटा काय दाखवतो ते बघा, आणि तो शून्यावर नसेल तर मोठ्यानं सांगा. मोठी माणसं गप्प बसवतील, तरी सांगा. आणि कुणी हसून म्हणालं, अर्ध्या किलोनं असा काय फरक पडतो, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा हात धरा, विहाराच्या मागच्या घरी न्या, आणि मालनबाईंच्या समोर त्याला तेच पुन्हा म्हणायला सांगा.