सासऱ्यांचं पिस्तूल, साडूचं पिस्तूल

माणसं जातात, घराणी बुडतात, राज्यं लयाला जातात. टिकतं ते फक्त लोखंड. हे थोर वचन मैदानावरच्या शर्यतींच्या स्टार्टरच्या सासऱ्यांचं. ते त्यांनी आपल्या लोखंडी खाटेवर बसून उच्चारलं होतं. पुढे दोनच वर्षांत ती खाट गंजून मधोमध मोडली. सासरे तेव्हा खाटेवरच होते. त्यांना खरचटलंही नाही, आणि जमिनीवर बसल्या बसल्या त्यांनी "ते लोखंड भेसळीचं होतं" असा निर्वाळा दिला. खाट गेली, वचन शाबूत राहिलं.

कालांतराने सासरे गेले आणि वचनाबरोबर त्यांचं पिस्तूलही थोरल्या जावयाकडे, म्हणजे आपल्या स्टार्टरकडे, आलं. घाबरायचं कारण नाही. हे शर्यती सुरू करायचं पिस्तूल, यातून गोळी सुटत नाही. बिनगोळीचं काडतूस घालायचं, हात आभाळाकडे करायचा, चाप ओढायचा. मागचा घोडा काडतुसावर आपटतो, बार होतो, चिमूटभर धूर निघतो आणि आठ तगडी माणसं जिवाच्या आकांताने पळत सुटतात. सासरे मैदानावरचे मुख्य स्टार्टर होते. त्यांच्यामागे मुख्य स्टार्टरचा मानाचा लाल कोट जावयाच्या अंगावर आला. बाह्यांत थोडा लांब होता, पण मानाच्या वस्तू मापात बसत नसतात.

एरवी तो पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा. तिथे त्याने "चला, उठू या का?" म्हटलं तर कोणी मान वर करत नसे. घरात त्याच्या शब्दावर मांजरही सोफ्यावरून उतरत नसे. मैदानावर मात्र तो "तयार!" म्हणाला की हजार माणसांचा श्वास थांबे आणि त्याचं बोट हललं की तो सुटे. वर्षातून एक दिवस का होईना, जग आपल्या एका बोटावर चालतं हे ज्याने अनुभवलंय, त्याला उरलेले दिवस मीटर वाचत काढता येतात.

हे बोटच आता धोक्यात आलं होतं, आणि ते आणलं होतं घरच्याच माणसाने. साडूने.

साडूचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. मालाबद्दल बोलताना त्याचा गळा दाटून येई. यंदा त्याने प्लास्टिकचं पिस्तूल आणलं होतं. नळी आणि स्प्रिंग धातूची. मूठ, चाप, घोडा, सगळं प्लास्टिकचं. हलकं, न गंजणारं, तेल नको, पाणी नको. मैदानाच्या समितीला त्याने ते दाखवलं आणि जाता जाता सुचवलं की पिस्तूल नवं घ्यायचंच आहे, तर ते चालवणारा माणूसही नवा असलेला बरा. नवा माणूस म्हणून त्याच्या डोळ्यासमोर एकच नाव होतं, आणि ते त्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं.

एका रविवारी तो बायकोला घेऊन स्टार्टरच्या घरी चहाला आला. चहा गाळून होण्याआधीच तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उभा राहिला.

"साडूबुवा, बघा हं!" म्हणत त्याने पिस्तूल डोक्यावरून खाली सोडलं. ते ओट्यासमोरच्या फरशीवर पडलं, टुण्णकन उसळलं आणि टेबलाखाली जाऊन बसलं. साडूने उचलून चाप ओढून दाखवला. टक्. टक्. टक्. "दुकानात दिवसभर टकटक करतो. आलं गिऱ्हाईक की टकटक. ओरखडा नाही!"

"चेंडूपण उसळतो," स्टार्टर म्हणाला. "त्याला कोणी लाल कोट घालत नाही."

"भाऊजी, तुमचं टाकून दाखवा ना मग," धाकटी मेहुणी म्हणाली.

"टाकू नका," स्टार्टरची बायको म्हणाली.

"ताई, अगं बाबांचं पिस्तूल आहे, त्याला काय होतंय?"

"पिस्तुलाला नाही होणार. मी बाबांना ओळखते."

पण स्टार्टर खुर्चीवर चढला होता. त्याने सासऱ्यांचं पिस्तूल काढलं, फोटोतल्या सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि हात मोकळा केला. धाड असा आवाज झाला. पिस्तुलाला खरंच काही झालं नाही. फरशीचे चार तुकडे झाले.

"बघितलंत?" स्टार्टर विजयी मुद्रेने म्हणाला. "लोखंड!"

"बघितलं," बायको म्हणाली. गेल्याच वर्षी तिने स्वतः दुकानं पालथी घालून निवडलेली फरशी होती ती. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी फक्त मांजरामार्फत बोलली. "सांग गं मने, जेवायला वाढलंय म्हणावं."

समितीच्या अध्यक्षबाई पूर्वी भाला फेकत. निर्णयही तशाच फेकत. शर्यतींच्या दिवशी सकाळी दोघांना समोर उभं करून त्या म्हणाल्या, "मला व्याख्यानं नकोत. आज आळीपाळीने दोघांनी शर्यती सुरू करायच्या. ज्याच्या पिस्तुलाचा भाग तुटेल तो घरी. जो उरेल तो अंतिम शर्यत सुरू करेल आणि इथून पुढे मुख्य स्टार्टर तोच. कोट, मान, सगळं त्याचं. आहे कबूल?"

"एका पायावर," साडू म्हणाला. स्टार्टरने नुसती मान हलवली. आदल्या संध्याकाळी त्याने सासऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे पिस्तुलाला तेल दिलं होतं, आणि प्रसंग मोठा म्हणून यंदा दुप्पट दिलं होतं. घोडा, चाप, काडतुसाची घरं, सगळं लोण्यासारखं चालत होतं.

पहिली पाळी त्याची. तो तिवईवर चढला. आठ जण रेषेवर वाकले.

"जागेवर! तयार!"

टक्.

दोघे पुढे झेपावले, एक नाकावर पडला, उरलेले वळून बघायला लागले. त्याने पुन्हा ओढला. टक्. घोडा जीव तोडून आपटत होता, काडतूस मात्र ढिम्म.

"साडूबुवा, तोंडाने म्हणा की ठो!" साडू खालून ओरडला. प्रेक्षकांत हशा उसळला. एका टोळक्याने तर कोरसात ठो म्हटलं, आणि तीन धावपटू खरंच सुटले.

अध्यक्षबाई तरातरा आल्या. "हे काय?"

"भाग तुटलेला नाही," स्टार्टर म्हणाला.

"अहो, पण वाजलं नाही!"

"प्रश्न टिकण्याचा आहे, बाई. वाजण्याचा नाही. तुटेल तो घरी, हे तुमचेच शब्द." मुद्दा बिनतोड होता आणि बिनतोड मुद्द्यांचा अध्यक्षबाईंना मनस्वी तिटकारा होता.

"ठीक. पण पुढच्या पाळीला टक् झालं तर कोट काढून इथे ठेवायचा. काय कळलं?"

ती शर्यत साडूने सुरू केली. फट्ट! स्वच्छ, खणखणीत. धावपटू पळाले आणि त्यांच्याबरोबर स्टार्टरच्या तोंडचं पाणीही पळालं. साडू तेवढ्यावर थांबला नाही. तो प्रेक्षकांत शिरला आणि ओळीओळीने पिस्तूल दाखवत चालला. टक्. टक्. "बघा, हातात घेऊन बघा, मावशी. ओढा की, बिनधास्त ओढा."

स्टार्टर तिवईवरून उतरून थेट बायकोसमोर जाऊन उभा राहिला. ती पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. शेजारी धाकटी.

"हे वाजत का नाही गं?"

"फरशीला विचारा."

"अगं, कोट जाईल माझा!"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. लाल कोटाच्या लांब बाह्यांतून त्याची बोटं तेवढी दिसत होती. आठवड्यात पहिल्यांदाच ती मांजराला मध्ये न घेता बोलली. "तेल किती घातलंत?"

"नेहमीपेक्षा दुप्पट. बाबा घालायचे तसंच."

"बाबा घालायचे ते रात्री, गंजू नये म्हणून. आणि सकाळी निघायच्या आधी सगळं पुसून कोरडं ठणठणीत करायचे. तेल लागलं की काडतूस मरतं. तुम्ही अर्धंच शिकलात."

"पण इतकी वर्षं मी कधीच पुसलं नाही आणि दरवर्षी..."

"दरवर्षी कोण पुसायचं?"

असले प्रश्न उत्तरासाठी नसतात, हे लग्न झालेल्या माणसाला कळतं.

"यंदा नाही पुसलं," ती म्हणाली. "म्हटलं, ज्याचं लोखंड त्याने बघावं."

"चुकलो. फरशी बदलून देतो."

"एकच?"

"आजूबाजूच्यापण."

"तसला रंग आता मिळत नाही. अख्ख्या स्वयंपाकघराची बदलावी लागेल."

"अख्ख्या."

"आणि खुर्चीवर चढायचं नाही."

"नाही."

"ताई, वसूल कर, बाल्कनीचीपण घे," धाकटी म्हणाली. नवरा तिचा पलीकडे होता, पण माहेर इकडे होतं.

बायकोने हात पुढे केला. रुमाल काढला, केसातला आकडा काढला, आणि आकड्याला रुमालाचं टोक गुंडाळून काडतुसाची घरं एकेक करून कोरून पुसली. घोड्याची खाच पुसली. नळीत फुंकर मारली. तेलाने काळा झालेला रुमाल तिने नवऱ्याच्या लाल कोटाच्या खिशात कोंबला. "आता नवी काडतुसं घाला. आणि बाबांसारखा हात सरळ वर ठेवा, बसची वाट बघितल्यासारखा नको."

पुढची पाळी. तो तिवईवर चढला तेव्हा टोळकं ठो म्हणायच्या तयारीतच होतं.

"जागेवर! तयार!"

धाड!

टोळक्याचा ठो घशातच राहिला. गॅलरीच्या छपरावरची कबुतरं एकदम उठली, चिवडेवाल्याच्या हातची पुडी सांडली आणि धावपटू असे सुटले की जणू पाठीमागे कोणी खरंच बंदूक घेऊन लागलंय. अध्यक्षबाई कानात बोट घालून म्हणाल्या, "हां. हे वाजलं."

मग साडूची पाळी. फट्ट. मग याची. धाड! मग त्याची. फट्ट. मधल्या वेळात साडूची टकटक चालूच. त्याला कोणी सांगितलं असतं की बाबा रे, रिकामा घोडा आपटू नये, काडतूस नसलं की सगळा दणका प्लास्टिकच्या अंगावर येतो, तर त्याने ऐकलं नसतं. त्याचा सगळा धंदा त्याच आवाजावर होता. टिकाऊपणा सिद्ध करता करता त्याने पिस्तुलाचं निम्मं आयुष्य दुकानात आणि उरलेलं गॅलरीत खर्ची घातलं होतं.

उपांत्य शर्यत साडूची होती. आठ जण वाकले. "तयार!" साडूने ऐटीत हात वर केला आणि चाप ओढला.

फट्ट झालं नाही. टक्देखील झालं नाही. एक बारीकसा कट् झाला. घोड्याचं टोक उडून अध्यक्षबाईंच्या चहात पडलं आणि मुळाशी मोडलेला चाप साडूच्या बोटात अंगठीसारखा राहिला. धावपटू वाकलेलेच. साडूने पिस्तुलाकडे पाहिलं, अंगठीकडे पाहिलं, आणि त्याच्यातला दुकानदार जागा झाला.

"मूठ मात्र शाबूत आहे बघा!"

"अहो, मूठ वाजत नाही," धाकटी पहिल्या रांगेतून म्हणाली.

मग जो हशा पिकला, त्यात सकाळचा हशा कुठल्या कुठे वाहून गेला. अध्यक्षबाईंनी चमच्याने चहातलं टोक काढलं, निरखलं आणि बशीत ठेवलं. "भाग तुटला," त्या म्हणाल्या. "निकाल लागला."

ती शर्यत स्टार्टरने सुरू केली आणि अंतिमही. अंतिम शर्यतीला उन्हं कलली होती. तो तिवईवर उभा राहिला आणि त्याने घाई केली नाही. आठ पाठी वाकल्या, गॅलरी मुकी झाली, चिवडेवाल्यानेही पाटी खाली ठेवली. खालच्या रांगेत बायकोने हनुवटी किंचित वर केली. त्याने हात वर केला, सरळ, सासऱ्यांसारखा. तो क्षण त्याने जरा जास्तच लांबवला असं नंतर काही जण म्हणाले. म्हणू देत. इतक्या वर्षांच्या मीटरांचं व्याज होतं ते.

धाड!

आवाज समोरच्या इमारतींवर आपटून परत आला, जणू दुसऱ्या बाजूलाही एक शर्यत सुटली. धूर त्याच्या डोक्याभोवती रेंगाळला. मैदानाचा जुना विक्रम त्या शर्यतीत मोडला आणि लोकांनी पळत येऊन स्टार्टरला खांद्यावर उचललं. विक्रम करणारा मुलगा एका बाजूला पाणी पीत उभा होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या. साडू गर्दीतून वाट काढत आला आणि वर हात करून म्हणाला, "साडूबुवा, मानलं! हे लोखंडी कुठे मिळतात हो? दुकानात ठेवीन म्हणतो."

"मिळत नाहीत," स्टार्टर खांद्यांवरून म्हणाला. "वारसाहक्काने यावे लागतात."

अध्यक्षबाईंनी माईक नाकारून नुसत्या आवाजात जाहीर केलं की मुख्य स्टार्टर हाच आणि तहहयात हाच. टाळ्या थांबता थांबेनात. बायकोने धाकटीच्या कानात सांगितलं, "फरशी फिकट पिवळी घ्यावी म्हणते."

पुढच्या वर्षी समितीने मैदानावर कर्ण्यांची यंत्रणा बसवली. आता शर्यत बटण दाबून सुरू होते. ते मुख्य स्टार्टरच दाबतो. बटण प्लास्टिकचं आहे.