उरलं तर लाव

उन्हाच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवू नये, असं रोशनीला वाटायचं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. चंद्रपूरकडच्या मूलसारख्या गावात, जिथे मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तिथे तिने दोन पोरी वाढवल्या होत्या. मार्च लागला की डोक्याला दुपट्टे, दप्तरात कांदा, पाण्याच्या बाटलीत मीठ-साखर. पोरगी जरा गप्प बसली की कपाळावर हात. बी.एस्सी. झालेली बाई कांद्यावर विश्वास ठेवते म्हणून नवरा, संघपाल, हसायचा. ती म्हणायची, "हसा. लू लागल्यावर हसान तं खरं."

जानेवारीत संघपालला रजा मिळाली आणि बल्लारशाहवरून विशाखापट्टणमची तिकिटं निघाली. पोरींनी समुद्र पाहिला नव्हता. खरं तर रोशनीनेही नव्हता.

निघायच्या आठवडाभर आधी ती उन्हाचं क्रीम घ्यायला अजीमभाऊंच्या मेडिकलमध्ये गेली. अजीमभाऊंनी काउंटरवर दोन-तीन ट्यूब मांडल्या.

"हे गुलाबी डब्बीवालं हाय नं ताई, हे गोरं व्हायचं क्रीम. याच्यावर एसपीएफ पंधराच लिहून हाय, समुद्रावर काही कामाचं नाई. तुमी हे पन्नासवालं न्या. पाण्यानं लवकर जात नाई. उन्हात निघाच्या वीस मिनिटं आधी लावा, अन् दर दोन घंट्यानं परत. पाण्यातून निघाले का परत."

"एक पुरन नं?"

"कुठी पुरते? दोन न्या. अन् लावताना हात आखडू नका. घासून घासून पुसट केलं तं काय फायदा?"

रोशनीने एकच घेतली. एक प्रश्न तिने विचारलाच नाही, कारण त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटलं.

तिची मोठी करुणा नऊ वर्षांची, बापावर गेलेली, सावळी. धाकटी मैत्री पाचाची, गोरी. घरी कुणी पाहुणं आलं की मैत्रीचे गाल ओढायचं आणि मग करुणाकडे वळून, "ही अभ्यासात हुशार हाय नं?" असं विचारायचं. रोशनीला ते खुपायचं. आपण त्यांच्यातल्या नाही, याची तिला खात्री होती.

समुद्रावर पोचले त्या सकाळी आभाळ पांढुरकं होतं आणि गार वारा सुटला होता. संघपालने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वर पाहिलं आणि म्हणाला, "हे काय ऊन हाय? आपल्याकडं याले सावली म्हणते."

सगळे हसले. रोशनीही हसली. आयुष्यभर तिने ऊन ओळखलं होतं ते झळांवरून. इथे झळ नव्हती, घाम नव्हता, तळव्यांना चटका नव्हता. तरी मनाची धास्ती जाईना, म्हणून तिने ट्यूब काढली आणि मैत्रीला समोर उभं केलं. गाल, कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांच्या वरचा भाग. काही सुटलं नाही.

मैत्रीच्या मागे करुणा दोन्ही हात पुढे करून उभी होती. बिनबाह्यांचा नवा फ्रॉक, दोन बारीक पट्ट्यांचा.

"अन् मले?"

"तुले काय लागते बेटा? ती काळी पडन म्हणून लावून राह्यली तिले. तुले नाई लागत. जा, खेळ तू."

करुणाने हात खाली घेतले आणि पाण्याकडे धावली. इतक्या आनंदाने धावली की रोशनीला आपण काय बोललो ते ऐकूही आलं नाही.

चार तास ती वाळूत बसून दोघींवर डोळा ठेवून होती. लाट जरा मोठी दिसली की उठून उभी राहायची. मधे दोनदा मैत्रीला बोलावून, पुसून, पुन्हा क्रीम लावलं. संध्याकाळी लॉजवर तिने दोघींना दिव्याखाली उभं करून अंग तपासलं. कुठे लाल झालंय का, ते ती शोधत होती. लाल कुठेच नव्हतं.

सकाळी करुणाच्या डोक्यातून फ्रॉक घालताना पोरगी कळवळली. रोशनीने खांद्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कातडी तापलेली, ताणलेली, आणि जवळून पाहिल्यावर बारीक बारीक फोड. अंगात तापही होता.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी हिंदीत, पण अजिबात न रागावता सांगितलं की सावळी कातडीही भाजते. लाली त्यावर लवकर दिसत नाही, म्हणून आया फसतात. ढगातूनही ऊन लागतं, आणि वारा गार असला की कळत नाही.

रिक्षात रोशनीने विचारलं, "रात्री दुखत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

करुणाने आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तूच तं म्हणली, मले नाई लागत."

 

उरलेले दोन दिवस करुणाने समुद्र लॉजच्या खिडकीतून पाहिला.

गावी आल्यावर खांद्यांची सालपटं निघाली, खालून फिकट डाग आले, आणि मार्चपर्यंत तेही बुजत गेले. रोशनी अजीमभाऊंकडे जाऊन दोन ट्यूब घेऊन आली. त्यांनी सहलीचं विचारलं. ती "छान झाली" म्हणाली आणि घाईने निघाली.

शाळा सकाळची झाली होती, पण सुटताना ऊन डोक्यावर यायचं. पोरी निघताना, दुपट्टे बांधण्याआधी रोशनीने हाक मारली, "करुणा, इकडं ये. आधी तू."

करुणा आली, पण दोन पावलं लांब थांबली. "आधी मैत्रीले लाव नं. उरलं तं मले लाव."

"दोन आणल्या बेटा. ही पूर्ण तुझी हाय."

करुणाने ट्यूब हातात घेऊन उलटसुलट वाचली. "यानं मी गोरी होईन?"

"नाई."

"मंग?"

"तू जळू नये म्हणून."

पोरीने थोडा विचार केला. मग हात पुढे केला, एकच. रोशनीने तिच्या तळव्यावर क्रीम काढलं, पांढरा ढीग झाला तरी दाबतच राहिली.

"एवढं नको आई," करुणा हळूच म्हणाली आणि मैत्रीकडे पाहिलं. "संपन."