वाहन जागेवर आढळले

गाडी दाबयंत्रात गेली आणि दोन दारांच्या फ्रीजएवढी होऊन बाहेर आली. रंग मात्र कुठेही सुटला नाही. कामच तसं चोख होतं.

पण असं काही झालेलं नाही. त्या घरात न आवडलेली गोष्ट झालेलीच नसते, तेव्हा तूर्त आपणही तसंच धरून चालू. सासूबाईंच्या हातून काचेचं भांडं फुटलं तर ते फुटलेलं नसायचं. तुकड्यांना वळसा घालून सगळे आठवडाभर चालायचे. मुलीने एका फ्रीज दुरुस्त करणाऱ्याशी परस्पर लग्न केलं, ते लग्नही पहिली दोन वर्षं झालेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी सासऱ्यांचा गुडघा गेला आणि शेडचं लोखंडी शटर वर ढकलायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते झालं. जावई सासुरवाडीला राहायला आला.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी त्याच्याकडे दहा-अकराचा पाना मागितला. त्याने बारा-तेराचा दिला. पाना नटावरून सटकला, सासऱ्यांच्या बोटांची सालं निघाली, आणि जावयाचं नाव पडलं बारा-तेरा. सासूबाईसुद्धा फोनवर सांगायच्या, "बारा-तेरा अंघोळीला गेलेत." अहो-जाहो त्यांनी सोडलं नाही. काही झालं तरी जावई होता.

तर या बारा-तेराला एक पत्र आलं. लांबच्या गावी एक मोठं कोल्ड स्टोरेज वर्षभराने सुरू होणार होतं आणि तिथे मेकॅनिक हवा होता. राहायला दोन खोल्या. अट एकच: स्वतःचं मालवाहू वाहन, चालू स्थितीत, कागदपत्रांसह.

"दोन खोल्या," बायको म्हणाली. "आणि दोन्हींत बाबा नाहीत." तिने पत्र घडी करून पुन्हा उघडलं, खोल्या तेवढ्याच आहेत ना ते बघायला.

जेवताना त्याने विषय काढला. सासरे आयुष्यभर स्वतःच्या पिकअपमधून फरशा वाहणारा माणूस. ती पिकअप अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. चारही टायर जमिनीला चिकटलेले, हौद्याचा तळ चाळणीसारखा, आणि बॉनेटखाली उंदरांची कितवी तरी पिढी सुखाने संसार करत होती.

"चालू कर आणि घेऊन जा," सासरे म्हणाले, आणि एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाईंनी पाठ चोळली.

"खरंच, बाबा?" बायकोने विचारलं.

"मी शब्द फिरवत नाही. विचार आईला."

"नाही फिरवत," सासूबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या भावाशी बोलणार नाही म्हणाले होते, अजून बोलत नाहीत. तो वारला तरी."

दुसऱ्या दिवशी बारा-तेराने शटर वर ढकललं आणि कामाला लागला. दिवसभर दुकानात फ्रीज, संध्याकाळी आणि सुट्टीला गाडी. सासरे शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. पहिला महिना त्यांनी नुसती टिंगल केली. "अरे, ते इंजिन आहे, त्यात बर्फ नाही जमत." "दार उघडून ठेव हं, दिवा लागतो का बघ." बारा-तेरा खाली मान घालून नट सोडवत राहिला. अकरा वर्षं गंजलेला नट सासऱ्यांसारखाच असतो. तेल घालून वाट बघावी लागते.

दुसऱ्या महिन्यात मात्र काहीतरी बदललं. बारा-तेराने फाटकी सीट काढून बाजूला टाकली, तर सासरे म्हणाले, "टाकू नकोस. मागच्या अंगणात ठेव. माझी वस्तू आहे." त्याने ठेवली. मग स्टिअरिंग निघालं, तेही मागे गेलं. मग दारं, बॉनेट, दिवे, स्प्रिंगचे पाटे; प्रत्येकाच्या जागी तो दुसरं आणून बसवायचा. प्रत्येक वस्तू सासरे हातात घेऊन बघायचे, फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, "मागे." बारा-तेराला ते बघून गलबलून यायचं. म्हाताऱ्याचा जीव आहे गाडीवर, असं त्याला वाटायचं, आणि तो वस्तू नुसत्या ढिगात न टाकता नीट मांडून ठेवायचा. सीट चार विटांवर, सीटच्या पुढे स्टिअरिंग, दारं दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून.

एवढंच नाही, सासरे सल्लेही देऊ लागले. "ब्रेक जुने कशाला ठेवतोस? डिस्क बसव." "पॉवर स्टिअरिंग घाल, लांबचा रस्ता आहे." "इंजिन दुरुस्त काय करतोस रे, दुसरं बघ. हे मागे ठेव." एकदा तर स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी चहा घेऊन आले. कप अर्धा सांडला होता, पण लंगडत आणला होता.

"बाबा बदललेत," बारा-तेरा बायकोला म्हणाला. तो प्रायमर लावत होता आणि ती मास्क लावून दिव्याची वायर धरून उभी होती.

"बाबांना इतकं गोड वागताना मी एकदाच पाहिलंय," ती म्हणाली. "समोरच्यांचं कुत्रं फार भुंकायचं. बाबांनी आठवडाभर त्याला बिस्किटं घातली. आठव्या दिवशी पालिकेची गाडी आली, तेव्हा ते पळालंच नाही. बाबांच्या पायाशी बसून होतं."

"मी काय कुत्रा आहे?"

"नाही रे," ती म्हणाली. "तू भुंकत नाहीस."

नवव्या महिन्यात सासऱ्यांनी काठीचं टोक चासीच्या पुढच्या भागावर, उजव्या बाजूला टेकवलं. "इथे गंज आहे. ऐक." ठक ठक केलं. आवाज खरंच पोकळ आला. "पुट्टी भरून झाकू नकोस. हातभर तुकडा काप आणि नवीन लोखंड घाल. रस्त्यात मोडली तर माझी मुलगी बसलेली असेल."

यावर कुणाचं काय चालणार? बारा-तेराने ग्राइंडर घेतला, हातभर तुकडा कापला, वेल्डरला बोलावून नवीन लोखंड बसवलं. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला फ्रीजचा नंबर मागच्या जाळीवर चिकटवलेला असतो एवढं ठाऊक. गाडीचा नंबर चासीवर ठोकलेला असतो, आणि नेमका त्याच हातभर तुकड्यावर होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला होतं. "मागे," सासरे म्हणाले आणि तो तुकडा स्वतः उचलून घेऊन गेले. गुडघा दुखत असताना.

वर्ष भरत आलं तेव्हा गाडी अशी झाली होती की गल्लीतली माणसं शेडपाशी थांबून आपले केस तिच्या दारात बघून विंचरायची. पहिल्या चावीत चालू व्हायची. हौद्याला जाड पत्रा, आत नवीन वायरिंग, दोघांसाठी दोन पट्टे. बायकोने ट्रंक, गाद्या आणि शिलाई मशीन हौद्यात चढवून दोरीने बांधलंसुद्धा. राहिला होता फक्त तपासनिसाचा शिक्का. इतकी वर्षं बंद असलेली गाडी रस्त्यावर न्यायची नसते, म्हणून तोच घरी आला.

तपासनीस हातात फळी, फळीवर कागद आणि तोंडात लवंग असा माणूस होता. गाडीभोवती फिरला. "वा," म्हणाला. मग वाकला, चासीवर बोट फिरवलं, आणि सरळ झाला. "नंबर?"

"कसला नंबर, साहेब?"

"चासीचा. इंजिनचाही कागदाशी जुळत नाही. कागदात रंग राखाडी, हिचा निळा. ही कुठली गाडी आहे?"

"हीच, साहेब. बाबांची."

तपासनिसाने खुर्चीकडे पाहिलं. "तुमची?"

सासऱ्यांनी चष्मा पुसून घातला आणि गाडीकडे बराच वेळ, पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "छे," ते म्हणाले. "माझी मागे आहे. या ना."

सगळे मागच्या अंगणात गेले. विटांवर सीट, सीटपुढे स्टिअरिंग, पुढे बॉनेट, दोन्हीकडे दारं, मागे हौद्याचा चाळणी झालेला पत्रा, इंजिन डाव्या हाताला. पुढे, उजव्या बाजूला, जिथे असायला हवा तिथे, तो हातभर तुकडा. पुसून चकचकीत केलेला. तपासनिसाने नंबर वाचला, कागद वाचला. इंजिनचा वाचला, कागद वाचला. सगळं जुळलं. रंगही राखाडीच होता, जिथे उरला होता तिथे.

"वाहन जागेवर आहे," तो म्हणाला आणि तसं लिहिलं.

"साहेब, हे सगळं मी त्या गाडीतून काढलंय!" बारा-तेरा ओरडला.

"म्हणजे यांची गाडी तुम्ही खोलून टाकलीत?"

"तसं नाही..."

"खोलली की नाही?"

बारा-तेराने हातातला पाना पाठीमागे लपवला.

"नाही खोलली. मग ती धडधाकट आहे," तपासनीस म्हणाला आणि रकाने भरू लागला. सासरे तोवर सीटवर जाऊन बसले. "मालक वाहनात बसलेले आढळले. हॉर्न?" सासऱ्यांनी खाली ठेवलेल्या बॅटरीला वायर लावली, हॉर्न वाजला. "हॉर्न चालू. धूर?" सगळ्यांनी बघितलं. "धूर अजिबात नाही. गळती नाही. वेगमर्यादेचं उल्लंघन संभवत नाही. उत्तम." शिक्का मारला. "आणि ती निळी मात्र बेवारस. जप्त करावी लागेल. तुम्हाला यांच्याविरुद्ध तक्रार द्यायचीय?"

"नको, नको," सासरे म्हणाले. "घरचं माणूस आहे. कुठून आणली तेवढं विचारून घ्या."

क्रेन दुपारी आली. बायकोने दोरी सोडून ट्रंक, गाद्या, मशीन एकटीने उतरवलं. क्रेनने निळ्या गाडीचं तोंड वर उचललं तेव्हा तिने तिकडे पाठ फिरवली. ती मागच्या अंगणात आली आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या सीटवर बसली. सासरे सरकले. "ये बाळा, हवेशीर आहे." मग बारा-तेराकडे बघून म्हणाले, "हौद्यात जागा आहे रे."

"बाबा, का केलंत?" तिने विचारलं.

"काय केलं?"

सासूबाई मागच्या दारात आल्या. ट्रंकेकडे बघितलं, गाद्यांकडे बघितलं. "कुठे निघाला होतात की काय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाळलेले कपडे काढू लागल्या.

बेवारस वाहनावर एकवीस दिवसांत दावा करता येतो. दाव्याच्या अर्जात चासी क्रमांकाचा रकाना सक्तीचा असतो. बारा-तेराने तो अर्ज सात वेळा भरला आणि सात वेळा परत घेतला. बाविसाव्या दिवशी तो सायकलने जप्त गाड्यांच्या यार्डात गेला. दाबयंत्र चालवणाऱ्याने निळ्या दारावरून तळहात फिरवला. "कुणीतरी जीव ओतलाय हो हिच्यात," तो म्हणाला. "तुमची का?"

आपला या वाहनाशी संबंध नाही, असं बारा-तेराने आदल्याच दिवशी लिहून दिलं होतं. नाहीतर ती कुठून आणली हे सांगावं लागलं असतं.

"नाही," तो म्हणाला. यंत्रवाल्याने बटण दाबलं.

घरी आला तर सासरे मागच्या अंगणात, आपल्या गाडीत. शेजारी मुलगी. आताशा ती तिथेच बसून भाजी निवडायची. सासऱ्यांनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरले. गाडी त्याच्या नावावर केली होती. सहीसकट, शिक्क्यासकट.

"घे. शब्द म्हणजे शब्द. चालू स्थितीतलं वाहन, कागदपत्रांसह."

"बाबा, हे चालत नाही."

"कागद वाच, चालतं." मग आवाज खाली आणून, मुलीला ऐकू जाईल एवढाच खाली, ते म्हणाले, "माझी पोरगी काय गाडी आहे रे? चालू केली आणि नेली?"

मुलीने ते ऐकलं. एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, साल हौद्यात टाकलं. उठली नाही.

कोल्ड स्टोरेज सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते. बारा-तेरा घरात गेला, टेबलाशी बसला, कोरा कागद घेतला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. वाहन तपासणी अधिकारी. विषय: वाहनास आदेश मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा मागील अंगणातील राखाडी वाहनाचा नोंदणीकृत मालक आहे. सदर वाहन तंदुरुस्त व रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे आपल्याच प्रमाणपत्रात नमूद आहे. तथापि वारंवार तोंडी सूचना देऊनही वाहन जागचे हललेले नाही. अर्जदाराची पत्नी पुढील आसनावर आधीच बसलेली असल्याने निघण्यास विलंब होणार नाही. तरी प्रमाणपत्रातील मजकुराप्रमाणे तात्काळ चालू लागण्याचे लेखी आदेश आपल्या स्तरावरून सदर वाहनास देण्यात यावेत, आणि वाहन फाटकाबाहेर पडेपर्यंत पत्नीस खाली उतरू देऊ नये, ही नम्र विनंती.