न मोजलेल्या डोक्याची कुंची

फुलाबाईच्या हातची कुंची घालून निम्मा इंदापूर तालुका मोठा झाला होता, आणि हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. कपाळाशी जरीच्या गोट्याची किनार, पाठीवर रुळणारी झालर, आणि दोन्ही कानांवर रेशमाचे हिरवे पोपट. पोपट काय, कुणीही काढतं. पण फुलाबाईचा पोपट मान वळवून बाळाच्या तोंडाकडं बघायचा. ते वळण तिनं कुणाला शिकवलं नव्हतं, सख्ख्या जावेलासुद्धा नाही.

पूर्वी बाया लेकरं काखेला मारून तिच्या ओट्यावर यायच्या. फुलाबाई दोऱ्यानं डोक्याचा घेर घ्यायची, भुवईपासून मानेपर्यंत बोटं ठेवत जायची, लेकरू भोकाड पसरायचं, आणि माप पक्कं व्हायचं. आता रानारानातून पाटाचं पाणी खेळायला लागलं होतं. भेंडी, गवार, वांगी एसटीच्या टपावर चढून बाजारात जात होती, तिकडं साखर कारखान्याचं बांधकाम निघालं होतं, आणि बायांना इंदापूरला येऊन ओट्यावर बसायला सवड उरली नव्हती. ही सवड विकायला मध्ये एक माणूस उगवला. त्याचं नाव सोपान.

सोपाननं आधी वांग्यांची दलाली करून पाहिली होती. वांगी नासतात हे त्याला वांगी नासल्यावर कळलं. मग त्यानं सायकल घेतली आणि गावोगाव फिरून शिवणटिपणाची, कशिद्याची कामं गोळा करायला लागला. माणूस गोड होता, हातात कायम एक वही, आणि त्या वहीत काय लिहावं याची अक्कल मात्र नव्हती. लोणी भापकरच्या एका घरची पाच झबली आणली तेव्हा माप काय, तर ‘लहान, लहान, त्याहून लहान, मोठं, बरं’. शिवाय मंगळवारी देतो म्हणून शब्द देऊन आला होता, आणि फुलाबाईचं रेशीम अजून पुण्याहून निघालंही नव्हतं. एकदा पांढऱ्या कापडावर लाल वेलबुट्टी हवी होती. रंग उतरणार नाही, अशी हमी यानं परस्पर देऊन टाकली. पहिल्याच धुण्यात झबलं गुलाबी झालं, आणि बोलणी खायला फुलाबाई होतीच. गिऱ्हाइकाला तिचं तोंड माहीत होतं, सोपानचं कोण लक्षात ठेवणार?

तरी ती त्याला पळवून लावत नव्हती, कारण तो खोटारडा आहे असं तिला अजून वाटलं नव्हतं. ते वाटलं कळसच्या कुंचीच्या वेळी.

हिरवं साटीन घेऊन तो आला आणि म्हणाला, कळसच्या आबासाहेबांच्या मळ्यातलं काम आहे, नातवाची कुंची, पोपट तुमचेच पाहिजेत. फुलाबाईनं विचारलं, बाळ केवढं? बारा दिवसांचं, असं तो म्हणाला. मग डोक्याचा दोरा कुठाय? दोरा नव्हता. मग बाळाचं एखादं वापरातलं टोपडं आण, त्यावरून बेतते, असं तिनं सांगितलं. टोपडंही आलं नाही. आठ दिवसांनी तिनं सहज विचारलं तर बाळ दीड महिन्याचं झालं होतं. मुलगा की मुलगी, तर त्यानं आधी मुलगा म्हटलं आणि मग वही चाळायला लागला. वहीत बघून मुलगा-मुलगी सांगणारा माणूस फुलाबाईनं जन्मात पाहिला नव्हता.

वर त्याचं एकच टुमणं: कुणाला दाखवू नका, कुणाला सांगू नका, झाली की मला द्या, मी गुपचूप पोचती करतो.

गुपचूप! हा शब्द तिच्या डोक्यात कुसळासारखा रुतला. कुंची ही काय गुपचूप द्यायची वस्तू आहे? कुंची घातलेलं बाळ तर आळीभर मिरवतात. शिवता शिवता ती एकेक गोष्ट जुळवत गेली, आणि जुळवायला बसलं की सगळंच जुळतं. बाळ नाही, माप नाही, आणि पोपट मात्र हुबेहूब पाहिजेत. म्हणजे कळसबिळस सगळी थाप. बारामतीत एका दुकानात यंत्रावर कशिदा काढायला लागलेत असं तिनं ऐकलं होतं. हा मेला कुंची तिथं नेऊन देणार, ते पोपट उसवून बघणार, आणि येत्या बाजाराला तिचे पोपट ढिगानं विकायला बसणार. या विचारासरशी सुई दोनदा तिच्या बोटात गेली.

कुंची पुरी झाली. अंदाजानं बेतलेली, तरी देखणी. पण ती तिनं सोपानला दिली नाही.

बाजाराच्या दिवशी तो मागायला आला तेव्हा तिनं ओट्यावर उभं राहून त्याला चोर म्हटलं. आजूबाजूला मिरचीवाल्या, कापडवाले, एसटीची वाट बघणारी माणसं. ती म्हणाली, बाळ दाखव नाहीतर बाळाची आई दाखव. कुणीतरी हसलं. सोपानचं तोंड काळवंडलं. त्याला बोलायचं होतं हे दिसत होतं, पण तो नुसता वही घडी करून उभा राहिला.

“मावशी, मला चोर म्हना, पर कळसला जाऊ नका,” एवढंच तो खालच्या आवाजात म्हणाला.

आता याहून आणखी पुरावा तो काय हवा? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं फुलाबाई कळसला निघाली. कुंची तिनं पिशवीत तळाशी ठेवली होती आणि वर भाकरीचं फडकं. वाटेत तिनं मनातल्या मनात सगळं बोलणं तयार केलं: तुमच्या घरचं नाव पुढं करून हा माणूस माझी कला चोरतोय, तुमच्या नावाला बट्टा लावतोय. आबासाहेबांसारखा माणूस असल्या चोराला सोडणार नाही.

मळा सापडायला त्रास पडला नाही. दारातच आबासाहेबांची बायको प्रयागबाई भेंड्या निवडत बसली होती. उन्हानं रापलेली, हाडापेरानं दणकट, आणि नजर अशी की तिनं फुलाबाईला फाटकापासून ओट्यापर्यंत मोजूनच घेतलं. फुलाबाईनं आपली ओळख सांगितली. इंदापूरची कुंचीवाली म्हटल्याबरोबर प्रयागबाईचा भेंडी मोडणारा हात थांबला.

“आमच्यात कुनी बोलावलं न्हाय तुमास्नी,” ती म्हणाली. “कुंच्या शिवायला आमच्यात लेकरू न्हाय.”

फुलाबाईला वाईट वाटायला हवं होतं, पण आनंदच झाला. आपण बरोबर ओळखलं! तिनं पिशवीत हात घातला, कुंची बाहेर काढली आणि उन्हात धरली.

“मंग ही कुनाच्या नावानं शिवून घेतली?”

तेवढ्यात घरातून एक पोर दारात आली. सून असणार. चौकटीला धरून उभी राहिली तेव्हा तिचं आठ महिन्यांचं पोट पदराआड लपेना. ती फुलाबाईकडं बघत नव्हती, सासूकडंही नव्हती. तिची नजर त्या दोन पोपटांवर खिळली होती, आणि तिचा एक हात नकळत पुढं आला होता.

फुलाबाईनं उन्हात धरलेली कुंची झटकन खाली घेतली. जन्माआधी बाळाला नवं शिवायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. जन्मल्यावरही पहिले दिवस जुन्यातलंच घालायचं, धुवून मऊ झालेलं. ज्या घरात लेकरं राहत नाहीत त्या घरानं तर जगल्यावाचल्या लेकराचं अंगावरचं मागून आणायचं. पोटातल्या लेकराच्या नावानं कोऱ्या कापडात सुई घालणं म्हणजे काय, हे आळीतली शेंबडी पोरगीसुद्धा सांगेल. हे एका बाप्याला ठाऊक नव्हतं, वही घेऊन फिरणाऱ्या त्या सोपानला, आणि त्याच्या नादी लागून तिनं ते केलं होतं. या पोरीच्या बाळाला काही झालं, तर फुलाबाईच्या सुईनं झालं असं सारा तालुका म्हणेल. एकही आई पुन्हा आपल्या लेकराचं डोकं तिच्या दोऱ्याखाली देणार नाही.

प्रयागबाई उठली होती. भेंड्या तिच्या मांडीवरून खाली सांडल्या.

“कुनी सांगितली ही?” तिनं विचारलं, आणि आवाज अगदी सपाट होता.

सोपानचं नाव फुलाबाईच्या जिभेवर आलंच होतं. त्यासाठीच तर ती आली होती. पण सून आधी बोलली.

“म्या सांगितली, आत्याबाई.”

सासूनं वळून पाहिलं. सारजा, ते त्या पोरीचं नाव, चौकट धरूनच उभी होती. ती थांबत थांबत बोलली. सोपानभाऊला तिनं शपथ घातली होती, घरात कुणाला कळता कामा नये म्हणून. त्याला रीत ठाऊक नव्हती, त्यानं नुसतं वहीत लिहून घेतलं. साटीन तिनं माहेरच्या पैशातलं दिलं.

“दोघं गेली. एकाचंबी बारसं न्हाय झालं. कुंची डोक्यावर न्हाय बघितली कुनाच्या. एकदा हातात घिऊन बघायची हुती, आत्याबाई. निस्ती बघायची हुती.”

फुलाबाईला आठवलं, भर बाजारात सगळ्यांसमोर सोपान कसा वही घडी करत उभा राहिला होता. शपथ पाळायला त्यानं नुसतं मुकं राहणं पुरे होतं. पण त्यानं तिला कळसला जाऊ नका म्हणूनही सांगितलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेहून भीती जास्त वाटली.

प्रयागबाई सुनेवर ओरडली नाही. ती फुलाबाईपुढं येऊन उभी राहिली. हे काही बरं लक्षण नव्हतं.

“ती पोर हाय, येडी हाय. तुमी तर केस पिकल्याल्या. न जनमल्याल्या लेकराला नवं शिवलंसा तुमी?”

सोपाननं फसवलं, हे म्हणता आलं असतं. खरंही होतं. त्या खऱ्यानं फुलाबाई सुटली असती आणि सारजा तिथंच अडकली असती, पुढचा महिनाभर त्या कुंचीकडं दुश्मनासारखं बघत. फुलाबाईनं कुंचीवरून हात फिरवला. तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं एसटीत बसून तयार केलेलं नव्हतं.

“नवं? खुळ्या का काय तुमी. सोपाननं सांगितलं लेकरू पोटात हाय, तवाच म्या वळखलं, हितं जुनंच लागनार. न जनमल्याल्याला मी सुई लावीन व्हय? ही माझ्या संभाजीची हाय. त्यानं घातल्याली. जगल्यावाचल्याचं जुनं म्हनून आनली.”

संभाजीचं नाव तोंडातून गेलं आणि तिच्या अंगावर काटा आला. तिचा एकुलता एक मुलगा. जुनं द्यायचं म्हणजे नुसतं कापड द्यायचं नसतं, त्या लेकराच्या आयुष्यातलं काहीतरी देऊन टाकायचं असतं. आणि हे तिनं थापेतच देऊन टाकलं होतं. माघारी घ्यायची सोय नव्हती.

प्रयागबाईनं कुंची हातात घेतली. झालर उलटी केली, टाके बघितले. साटीन दोन बोटांत धरून चुरलं. कोऱ्या कापडाची खळ करकरली, ती तिघींनाही ऐकू आली. मग तिनं कुंची नाकाशी नेली.

“किती वर्साचा हाय तुमचा संभाजी?”

“एकोणतीस.”

“काय करतो?”

“टरक चालवतो. पुनं-सोलापूर.”

प्रयागबाईनं पोपटांवरून बोट फिरवलं. तिला सगळं कळलं होतं. हे फुलाबाईनं ओळखलं होतं, आणि तिनं ओळखलंय हे प्रयागबाईनंही. सारजाची नजर मात्र सासूच्या तोंडावर होती. तिच्या डोळ्यांना एकच विचारायचं होतं: ठेवू का?

प्रयागबाईनं कुंचीची घडी केली, एकदा, दोनदा, जशी रोजच्या धुण्यातल्या जुनेराची करतात, आणि सुनेच्या हातात दिली.

“जुनीच हाय,” ती म्हणाली. “घे. ठिव संबाळून.”

सारजानं ती छातीशी धरली आणि आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला, पण तो वाईट रडण्याचा नव्हता.

प्रयागबाईनं फुलाबाईला गुळपाणी दिलं, ओटीत भेंड्या घातल्या, आणि फाट्यापर्यंत सोबत आली. वाटेत बोलणं झालं ते इकडचं तिकडचं. पाऊस, भेंडीचा भाव, एसटीची वेळ. गाडी दिसली तेव्हा प्रयागबाईनं फुलाबाईचा हात धरला. हात खडबडीत होता.

“आता दोन लेकरं झाली आपल्या दोघींची, तुमचं आन् ह्ये पोटातलं,” ती म्हणाली. “संभाजीला म्हनावं, गाडी संबाळून चालीव.”