चालू कामांची यादी

सेटिंगमधली ती एक ओळ न लिहिण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याचा फायदा बारीकसारीकच होता: छपाईवाल्यांची कुरकुर नको, त्यांच्यासाठी वेगळी सोय करण्याचा उपद्व्याप नको, आणि ‘आपला माणूस, कुणाला अडवत नाही’ हा लौकिक शाबूत. चार महिने तो ती उद्यावर ढकलत होता.

तपासणी प्रयोगशाळेत सगळ्यांचा मिळून एकच सर्व्हर. कोणता प्रोग्राम चालू आहे, तो कोणत्या आज्ञेने सुरू झाला, हे त्यावरची लिनक्स प्रणाली एका फोल्डरात यादीसारखं मांडून ठेवते. लॉगिन असलेल्या कुणीही वाचावं. ती ओळ लिहिली, की ज्याची कामं त्यालाच दिसतात. त्यात या गृहस्थाने अहवालाचा प्रोग्राम असा लिहिलेला, की आज्ञेतच रुग्णाचं नाव आणि तपासणी. का, तर अडकलेला अहवाल कुणाचा ते छपाईवाल्यांना चटकन कळावं!

आणि त्याच्या थोरल्या बहिणीच्या हाताला स्तनात गाठ लागली. ताई तिथेच नोंदणी विभागात, तपासणीही तिथेच. विभागप्रमुखपदासाठी तिचंच नाव पुढे.

“कुणाला कळणार नाही ना रे?”

“ताई, फाइलला कुलूप आहे. माझ्यावर भरवसा नाही?”

“तुझ्यावर आहे. तुझ्या त्या सर्व्हरच्या डब्याचं विचारतेय.”

फाइल खरंच कुणी उघडली नाही. पण तिचा प्राथमिक अहवाल निघायच्या दिवशी छपाई तुंबली आणि तो वीस मिनिटं लटकला. कुठे अडलंय ते बघायला छपाईवाल्या काकांनी चालू कामांची यादी उघडली. ताईचं नाव, पुढे ‘बायॉप्सी’. काका मनाचे वाईट नाहीत. पोटात मात्र काही राहत नाही.

चहाच्या वेळी तिघींनी एकदम उठून ताईला खुर्ची दिली. चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. “बाई, सध्या तब्येत सांभाळा. पदाचं पुढे बघू.”

आठवड्याने अंतिम अहवाल आला, गाठ साधी निघाली. ताईने तो भावाच्या टेबलावर आपटला. “साहेबांना दाखवला. म्हणाले, छानच झालं, पण दुसऱ्याची नेमणूक होऊन गेली. कुणी उघडली फाइल?”

‘कुणीच नाही’ म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

“फाइल नाही. यादी उघडी होती. मीच ठेवली होती.”

“मला त्यातलं कळत नाही. तुला कळत होतं ना?”



त्याच दिवशी त्याने ओळ लिहिली. एक मिनिट लागलं. आज्ञेतली नावंही काढली. काकांना कुणी बोललं नाही, उघडं होतं तेच त्यांनी वाचलं होतं. साहेबांनी बैठकीत सर्व्हरवाल्याच्या दक्षतेचं कौतुक केलं. पद गेलं ते ताईचं. ती आता भावाशी कामापुरतं बोलते, आणि तेही ‘अहो’ म्हणून.