उठा, द्रौपदाअक्का

"हात वर!" कमलबाई पुन्हा ओरडल्या, तेव्हा कुठे हिलालआबांनी एक हात वर केला. दुसऱ्या हातात विडी होती.

धुळ्याबाहेर, साक्री रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात रोज सकाळी हाच तमाशा. डॉक्टर सांगून गेले होते, म्हाताऱ्यांना हलतं ठेवा, बसून राहिले की सांधे धरतात. सांगितलं आणि गाडीत बसून निघून गेले. निस्तरायला राहिल्या आश्रम सांभाळणाऱ्या कमलबाई. कवायत म्हटली की कोणाचा गुडघा धरायचा, कोणाला नेमकं तेव्हाच बाहेर जायचं असायचं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे द्रौपदाबाई. न्हाणीत पाय घसरून पडल्याला महिना झाला होता. हाड शाबूत आहे, चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाई ओट्यावरच्या बाजेवरून हलतील तर शपथ. कमलबाईंनी तेल चोळलं, गोडीगुलाबीनं सांगितलं, अबोला धरून पाहिला. आणि पहिल्या दिवसापासून, सगळं संपलं की शेवटी धाक.

"अक्का, ज्याला चालता येत नाही त्याला इथे ठेवत नाहीत. मुलाला बोलावून घरी धाडतात. ठाऊक आहे ना? मग बसा तशाच!"

द्रौपदाबाई पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळायच्या. अखेर कमलबाईंनी हात टेकले. साक्रीच्या गाडीच्या कंडक्टरकडे त्यांनी अक्कांच्या मुलाला, निंबाला, निरोप दिला, की उद्या येऊन आईला घेऊन जा.

त्याच दुपारी अंगणात वाळत घातलेल्या वड्यांवर एक शेळी आली. कमलबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडणार, तोच बाजेवरून द्रौपदाबाई उठल्या, कोपऱ्यातली काठी उचलली आणि शेळीला पार कुंपणापर्यंत पिटाळून आल्या.

कमलबाई पिठाच्या हातांनीच बाहेर धावल्या.

"हे काय हो अक्का? महिनाभर माझ्या डोक्याला ताप दिलात तो कशासाठी?"

द्रौपदाबाई जागच्या जागी खाली बसल्या.

"तूच सांगस ना, जेले चालता येत नही तेले घर धाडतस," त्या हळूच म्हणाल्या. "मंग मी कसाले चालू?"

कमलबाईंना संताप तर आला होताच, पण आता तो कोणावर काढावा हे त्यांना कळेना. त्यांनी म्हातारीला दंडाला धरून उठवलं, बाजेवर निजवलं आणि गळ्यापर्यंत पांघरूण घातलं.

"उद्या निंबाभाऊ येतील. काही झालं तरी उठायचं नाही. कळलं? महिनाभर माझं ऐकलं नाहीत, एवढं एक ऐका."

निंबा आला तो भर उन्हात, कोणाची तरी जीप मागून. मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली होती. कमलबाईंनी त्याला फाटकातच गाठलं.

"अजिबात उठवत नाही हो त्यांना. घरचं माणूसच हवं आता."

निंबानं टोपीनं कपाळावरचा घाम पुसला. थोडा वेळ तो जीपकडे बघत राहिला.

"मंग काय, मायले घर लई जानंच पडी," तो म्हणाला.

कमलबाईंना हायसं वाटलं. त्यांनी ओट्याकडे वळून पाहिलं. बाज रिकामी होती. पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन द्रौपदाबाई अंगणातून झपाझप येत होत्या.

"बसा!" कमलबाईंच्या तोंडून निघालं. "अक्का, बसा!"

पण द्रौपदाबाईंचं लक्ष कुठे होतं! त्यांनी लेकाच्या हातात तांब्या दिला.

"निंबा, किती उन्हामा उना रे. पानी पी ले."

निंबा घटाघटा पाणी प्यायला. आईला त्यानं पायापासून वरपर्यंत पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"माय, तू ते चांगली चालस व! मंग काय चिंता शे?"

जाताना गोधडी मात्र तो आईसाठी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाई सगळ्यांच्या आधी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. कोणी काही सांगण्याआधीच त्यांनी दोन्ही हात वर केले.